तणावर उतेरा : झाडीपट्टीतल्या लाखोळीचा इतिहास

रिकामी जमीन रिकामी राहत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपण तिच्यात काही पेरले नाही, तर ती आपल्या मर्जीने काही उगवते, आणि त्या मर्जीलाच आपण ‘तण’ म्हणतो. तण उपटून काढणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय अधिक जुना आणि अधिक शहाणपणाचा आहे. तण उगवण्यापूर्वीच जमिनीवर आपल्या पसंतीची, जमिनीलगत पसरणारी, लवकर फोफावणारी वनस्पती आणून बसवायची, म्हणजे नको असलेल्याला जागाच उरत नाही. प्रश्न एवढाच, की ही वनस्पती कोणती असावी, आणि ती कोणी निवडावी?

वरवर पाहता हा कृषिविद्येचा प्रश्न आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, अशी शंका येऊ शकते. परंतु ‘पीक’ आणि ‘तण’ हे शब्द वनस्पतिशास्त्राचे नाहीत. वनस्पतीच्या अंगात असा कोणताही गुणधर्म नसतो, ज्यावरून तिला तण ठरवता येईल. हे शब्द निवाड्याचे आहेत, आणि निवाडा म्हटला की तो कोणी केला, कोणत्या भाषेत केला, कोणाच्या भुकेकडे पाहून केला, हे प्रश्न आलेच. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लाखांदूर तालुक्यात आणि एकूणच झाडीपट्टीत या निवाड्याचा एक दीर्घ आणि नाट्यमय इतिहास लाखोळी नावाच्या एका कडधान्याभोवती गुंफलेला आहे. कोणी तिला लाख म्हणतात, कोणी लाखोरी. छत्तीसगडात ती तिवरा होते आणि उत्तरेत खेसारी. निळी, क्वचित पांढरी फुले येणारी ही नाजूक वेल धानाच्या बांधीत हिवाळाभर पसरलेली असते.

*

लाखांदूर हा वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या आसऱ्याने वसलेला धानाचा मुलूख. येथील शेताला ‘बांधी’ म्हणतात. चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला तो एक उथळ चौकोन. धानाच्या शेतीत तणाविरुद्धचे पहिले पांघरूण वनस्पतीचे नसते, पाण्याचे असते. साचलेल्या पाण्यात धान तग धरतो, इतर बऱ्याच गवतांचे बी मात्र रुजत नाही. म्हणूनच पऱ्हे वेगळे वाढवून चिखलात रोवण्याची पद्धत ही केवळ उत्पादन वाढवण्याची युक्ती नाही. रोवलेल्या रोपाला तणाच्या पुढे काही आठवड्यांची आघाडी मिळवून देण्याची ती युक्ती आहे. उलट, थेट बी फेकून केलेल्या ‘आवत्या’ धानात पीक आणि तण एकाच दिवशी शर्यतीला उभे राहतात. ‘कृषिपराशर’ या प्राचीन संस्कृत कृषिग्रंथात धान निस्तृण करण्यासंबंधी स्वतंत्र विवेचन आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे निंदणाची ही चिंता किती जुनी आहे हे कळते.

पण रोवणीला पाणी हमखास लागते, आणि या भागात ते तलावांनी पुरवले. गोंड राजांच्या काळात आणि पुढे मराठ्यांच्या अमलात येथे तलाव बांधणाऱ्यांना जमिनीचे हक्क मिळत गेले. त्यात कोहळी समाजाचे कर्तृत्व सर्वांत मोठे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या चार खंडी ग्रंथात कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे शेतकरी म्हणूनच येते. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेल्याने या तलावांना ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजेच बोलीभाषेत ‘मामा तलाव’, हे नाव पडले. तलाव, बोडी, बांधी आणि धुरा या चार शब्दांत येथील सगळी कृषिसंस्कृती सामावलेली आहे.

पाण्याचे पांघरूण मात्र पावसाळ्यापुरतेच. दिवाळीच्या सुमारास बांधीतले पाणी उतरते, धान पिवळा पडू लागतो, आणि कापणीनंतर उरते ते खुंटांनी भरलेले ओलसर रान. ही चिकण माती वाळली की दगडासारखी होते. तीत नांगर चालवणे बैलांच्या जिवावर येते. अशा वेळी जमीन तशीच सोडावी, तर ओल उडून जाणार आणि उरल्यासुरल्या ओलीवर तण माजणार. या पेचावर झाडीपट्टीने काढलेला तोडगा म्हणजे उतेरा.

*

उतेऱ्याची रीत सांगायला सोपी आहे. धान उभा असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल्या बांधीत लाखोळीचे बी फेकून द्यायचे. नांगरणी नाही, वखरणी नाही, खत नाही. धानाच्या सावलीत बी रुजते. धान कापला जातो तेव्हा लाखोळीची कोवळी रोपे खुंटांमध्ये उभी असतात, आणि अचानक मिळालेल्या उन्हात ती पसरू लागतात. थोड्याच दिवसांत खुंट दिसेनासे होतात आणि बांधी हिरव्या गालिच्याने झाकली जाते. माघ-फाल्गुनात शेंगा भरतात.

या साध्या दिसणाऱ्या क्रियेत काय काय साधते, ते पाहण्यासारखे आहे. तणाच्या बियांना रुजायला ऊन आणि मोकळी जागा हवी. ती दोन्ही लाखोळी आधीच व्यापते. जमीन न फोडल्यामुळे खाली दडलेले तणाचे बी वर येत नाही. वेलीच्या सावलीमुळे ओल टिकते. कडधान्य असल्याने मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात आणि तो पुढच्या धानाला उपयोगी पडतो. हिरवा पाला गुरांना, भुसा गुरांना, कोवळी पाने भाजीला, दाणे डाळीला. धानाच्या खाली दबून, पाणथळ मातीत उगवून, नंतर पावसाचा थेंबही न मिळता पिकणारी दुसरी वनस्पती सहजासहजी सापडत नाही. हरभरा पाणथळीत कुजतो, गव्हाला मशागत लागते. जवसही उतेऱ्यात पेरतात, पण जमीन झाकण्यात लाखोळीची सर त्याला नाही.

जपानचे मासानोबू फुकुओका यांनी उभ्या भातात पांढरी क्लोव्हर आणि बार्ली फेकण्याची, नांगराविना शेतीची पद्धत मांडली. त्यांचे पुस्तक जपानीत १९७५ साली आले, आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराने जगभर, आपल्याकडेही, अनेकांना झपाटले. फुकुओका यांचे श्रेय कमी करण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी जे केले ते विचारपूर्वक आणि प्रदीर्घ प्रयोगांतून केले. परंतु उभ्या धानात कडधान्य फेकण्याची रीत झाडीपट्टीत, छत्तीसगडात, बिहारात आणि बंगालात पूर्वापार होती. बंगाल-बिहारात तिला ‘पैरा’ म्हणतात. तिच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही, म्हणून तिला ‘तत्त्वज्ञान’ म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. ज्ञान लिखित झाले की त्याला कर्ता मिळतो. बोलीत राहिले की ते ‘मागास पद्धत’ ठरते. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना हा न्याय नवा नाही.

*

आता लाखोळीच्या चरित्रातला दुसरा, अंधारा भाग.

विल्यम स्लीमन हे नाव आपण ठगांच्या बंदोबस्ताच्या संदर्भात ऐकलेले असते. त्यांच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सागर भागातली एक हकीकत आहे. १८२९ साली तेथील गहू गारपिटीने गेला, पुढच्या वर्षी पावसाअभावी, त्याच्या पुढच्या वर्षी तांबेऱ्याने. या तीनही वर्षांत एकच वनस्पती तगली आणि उलट जोमाने फोफावली. ती म्हणजे तिवरा. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ पासून तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली, आणि जी लुळी पडली ती पुन्हा नीट चालली नाहीत.

या हकीकतीतला एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. स्लीमनच्या म्हणण्यानुसार तिवरा तेथे मुद्दाम पेरला जात नसे. गव्हात आपोआप उगवणारी, शेतकऱ्याने दुर्लक्षाने राहू दिलेली आणि गुरांना घातली जाणारी ती एक रानवेल होती. म्हणजे एका मुलखात जे पीक, ते दुसऱ्या मुलखात तण. आणि तिथेही तीन वर्षे दुष्काळ पडताच तणाचे पुन्हा अन्न झाले. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले, की राय आणि ओट ही धान्ये मुळात गहू आणि जव यांच्या शेतातली तणे होती. कडक हवामानात मुख्य पीक हरले आणि तणाने त्याची जागा घेतली. अशा पिकांना त्यांनी ‘दुय्यम पिके’ म्हटले. तण आणि पीक यांच्यातली सीमारेषा ऋतूच्या आणि भुकेच्या रेट्याने सरकते, ती अशी.

लाखोळीच्या विषाची जाण मात्र स्लीमनपेक्षा कितीतरी जुनी. आयुर्वेदात ‘कलायखञ्ज’ नावाचा विकार वर्णिला आहे, आणि सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त ‘त्रिपुट’ हे कडधान्य लंगडेपणा व पांगळेपणा आणणारे म्हणून नोंदले आहे. युरोपातही हा अनुभव होता. स्पॅनिश चित्रकार गोया याच्या युद्धाच्या अनर्थांवरील चित्रमालिकेत १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळात लाखेच्या पिठाची लापशी वाटली जातानाचे एक चित्र आहे. त्याच्या शीर्षकात लाखेचे आभार मानलेले आहेत. जे अन्न माणसाला जगवते तेच त्याचे पाय काढून घेते, ही विसंगती गोयाने एका आभारप्रदर्शनात पकडली. १८७३ साली इटालियन वैद्य कांतानी याने या आजाराला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले.

आजाराचे कारण रसायनाच्या भाषेत समजायला १९६४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी भारतीय शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे लाखोळीतले मज्जातंतूंना घातक असे अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याला संक्षेपाने ओडॅप म्हणतात. त्याचे वर्तनही हळूहळू उलगडले. लाखोळीची डाळ इतर अन्नाबरोबर, बेताने खाणाऱ्याला सहसा काही होत नाही. सलग काही महिने आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखोळीचाच असेल, आणि शरीर आधीच कुपोषित असेल, तर धोका उभा राहतो. दाणे भिजवून, उकळून, ते पाणी टाकून दिल्यास विष बरेच कमी होते. रीवा-सतना भागात वेठबिगार शेतमजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळत असे, आणि तेथेच पांगळेपण सर्वांत अधिक दिसले. तेव्हा विष दाण्यात होते हे खरे; पण ते पायात उतरवण्याचे काम मजुरीच्या व्यवस्थेने केले, हेही तितकेच खरे.

*

या पार्श्वभूमीवर १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. सगळ्या राज्यांनी ती अमलात आणली नाही, महाराष्ट्राने आणली. हेतू वाईट नव्हता. पण परिणाम विचित्र झाला. बंदी विक्रीची होती. बांधीत वेल उगवतच राहिली, कारण दुसरे काही तेथे उगवत नव्हते. शेतकरी पेरत होता, घरी खात होता, आणि बाजारात मात्र त्याचे पीक चोरीचा माल ठरत होते. उघड बाजार नसला की भाव पाडून मागणारा व्यापारी असतोच. शिवाय लाखोळीचे पीठ बेसनात आणि तिची डाळ तूरडाळीत मिसळली जाते, हा आरोप कायम होता. म्हणजे ज्या भेसळीला आळा घालायचा होता, तिलाच आडमार्ग मिळाला.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खाल्ली जात असताना सागर-रीव्यासारखी पांगळेपणाची साथ येथे का दिसत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. २००८ साली महाराष्ट्राने बंदी मागे घेतली. केंद्राच्या २०११ च्या नियमावलीत मात्र विक्रीवरील निर्बंधाचे कलम कायम राहिले. दरम्यान कृषिसंशोधकांनी दुसरी वाट धरली होती. ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवरा’ असे ओडॅपचे प्रमाण कमी असलेले वाण त्यांनी तयार केले.

या वादात दोन्ही बाजूंनी ज्या भाषेत बोलणे झाले, तिची नोंद घेतली पाहिजे. बंदीच्या बाजूने बोलणारे लाखोळीला केवळ विष म्हणत होते, आणि विरोधक तिला गरिबाचे प्रथिन म्हणत होते. दोघांच्याही नजरेत ती फक्त ताटातला पदार्थ होती. बांधीतली तिची भूमिका, म्हणजे जमीन झाकणे, तण अडवणे, नत्र बांधणे, गुरे पोसणे, ही कायद्याच्या भाषेत बसतच नव्हती. ताटापुरता कायदा झाला, आणि त्याचा भार बांधीवर पडला.

*

निवड चुकली तर काय होते, हेही याच मुलखात पाहायला मिळते. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली एक झुडूपवजा वेल आपल्याकडे कुंपणासाठी आणि बांधबंदिस्तीसाठी लावली गेली. गुरे तिला तोंड लावत नाहीत, पाण्यात ती कुजत नाही, तोडून फेकलेली फांदी जिथे पडेल तिथे रुजते. लवकर पसरणारी, निगा न मागणारी, दुसऱ्याला जागा न देणारी: कागदावर सगळे गुण जुळत होते. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘बेशरम’. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारी मालकीचे झाले, आणि गाळ काढण्याची, पाळ राखण्याची जुनी गावव्यवस्था ढासळली. मालक नसलेल्या तलावांत बेशरम शिरली. देशी पाणवनस्पती गेल्या, त्यांच्या आश्रयाने वाढणारे मासे घटले, आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या जाळ्यात काही येईनासे झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांनी ढिवरांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे काही तलावांतून बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेथेही सूत्र तेच होते. केवळ उपटून भागत नाही. रिकाम्या झालेल्या जागी काय लावायचे, हे माहीत असावे लागते.

हेच सूत्र गाजरगवताच्या बाबतीत दिसते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली; आयात गव्हाबरोबर ते आले अशी समजूत रूढ झाली आणि ‘काँग्रेस गवत’ हे राजकीय नाव त्याला चिकटले. उपटून, जाळून, फवारून ते संपले नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या उपायांत एक उपाय होता तरोट्याचा. पावसाळ्याच्या तोंडाशी तरोट्याचे बी पसरले, तर तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो. मृगाच्या पहिल्या सरींनंतर विदर्भात ज्या तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, तोच हा तरोटा. कालपर्यंत तोही तणांच्याच यादीत होता.

बेशरम, तरोटा आणि लाखोळी या तिन्हींमध्ये पसरण्याचा गुण समान आहे. फरक आहे तो थांबण्याच्या गुणात. लाखोळी फाल्गुनात वाळते, दाणा देते, आणि पुढच्या पावसात बांधी धानासाठी मोकळी करून जाते. तरोटाही हंगाम संपला की वाळतो. बेशरम जात नाही. जमीन झाकणारी वनस्पती निवडताना ती किती वेगाने पसरते, हे आपण हटकून विचारतो. ती परत केव्हा जाते, हे विचारायचे राहून जाते. उतेरा रुजवणाऱ्या अनाम शेतकऱ्यांनी ते विचारले होते, असे त्या पद्धतीकडे पाहून म्हणावे लागते.

*

आज चित्र बदलले आहे. इटियाडोह आणि पुढे गोसीखुर्द यांसारख्या प्रकल्पांमुळे या पट्ट्यात जिथे कालव्याचे पाणी पोचले, तिथे उन्हाळी धान आला. एका वर्षात दोनदा धान घेणाऱ्या बांधीत लाखोळीला ऋतूच उरत नाही. निंदणाला मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशकाचा फवारा आला. उन्हाळी धानाने शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम येते, ती नाकारण्याचा सल्ला दुरून देणे सोपे आणि अप्रामाणिक आहे. लाखोळीच्या जुन्या दिवसांचे गहिवर काढण्यातही अर्थ नाही, कारण त्या दिवसांत दुष्काळ होते आणि काही मुलखांत पांगळी माणसेही होती. तरी ज्या बांधीला कालव्याचे पाणी नाही, आणि अशा बांध्या अजून पुष्कळ आहेत, तिथे हिवाळाभर जमीन उघडी टाकायची की झाकायची, हा प्रश्न शिल्लकच आहे. कमी विषाच्या वाणांमुळे लाखोळीविरुद्धचा सर्वांत मोठा आक्षेपही पूर्वीइतका बळकट राहिलेला नाही.

झाडीबोलीच्या अभ्यासाला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, शब्द गोळा झाले, संमेलने भरली. पण ‘उतेरा’, ‘पऱ्हे’, ‘आवत्या’, ‘बोडी’ हे शब्द कोशात गेले म्हणजे वाचले, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. उतेरा हा शब्द एका निर्णयाचे नाव आहे. एक पीक उभे असतानाच दुसऱ्याची सोय करायची, आणि जमीन एक दिवसही उघडी पडू द्यायची नाही, असा तो निर्णय. तो घेणारा शेतकरी बांधीत उरला नाही, तर कोशातल्या त्या नोंदीला अर्थ राहील, पण संदर्भ राहणार नाही. शब्द आणि संदर्भ यांतला हा फरक साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी नजरेआड करू नये.